दोन नंबरचं बटण

दाराचं पॅनल उतरवलं की
गाडीच्या पोटातलं बाहेर येतं.
चुडामणभाऊ फिरक्यांच्या गाडीत निघालं
केळीच्या सोपटाचं वाळलेलं दोर,
टोलच्या तीन पावत्या, एक चिंचोका,
आणि बऱ्हाणपूरपासूनची धूळ.

गोटूने पत्रा पुसला.
मी पेराने वाजवला : ठण्ण.
रिकामं पिंप.
मग काळी चिकट शीट, वरून रोलर,
कोपरे अंगठ्याने.
भुसावळचा मे महिना,
हीटगन कपाटातच राहिली.
पुन्हा वाजवला : धब्.
आतून लाल निघणाऱ्या कलिंगडाचा आवाज.

गिऱ्हाईक विचारतं, एवढ्या पैशात
आवाज वाढंल किती?
मी म्हणतो, आधी कमी होईल.
निम्मे इथूनच परत जातात.

भाऊ नाही गेले.
म्हणाले, वरातीतला धडधडाट नको मला.
तबल्यावरचं बोट ओलं का कोरडं,
ते कळलं पाहिजे.

करंटची वायर उजवीकडून नेली,
गाण्याची डावीकडून.
दोघींना एका अंथरुणात झोपवलं
तर इंजिनची किणकिण
गाण्यात शिरते, आणि मग निघता निघत नाही.

तिसऱ्या दिवशी टेप काढली.
शिंप्याची, कापडी.
आता मापाला कान पाहिजे.
भाऊ बाहेर लिंबाखाली, फोनवर,
केळीचा भाव तोडत होते.
म्हणून बशारत तडवीला बसवलं स्टेअरिंगवर.
अकरा वर्षं तीच त्याची जागा.
उजव्या ट्वीटरपासून त्याचा कान ब्याऐंशी सेंटीमीटर,
डाव्यापासून एकशे एकतीस.
टेप कानाला लागली तसा तो हसला,
गुदगुल्या होतात म्हणाला.

कामातलं खरं काम हे एवढंच :
जवळच्याने थांबायचं,
लांबचा पोचेपर्यंत.
सेकंदाचे हजार तुकडे करा,
त्यातला दीडसुद्धा नाही, एवढंच.
पण तेवढं थांबला
की गाणारी बाई दारातून उठते
आणि काचेच्या मधोमध येऊन बसते.

नुसता आलाप लावला. साज नाही, काही नाही.
बशारतचे हात स्टेअरिंगवर, दहाला दहा मिनिटं.
मागून मालगाडी गेली, छप्पन डबे,
त्याला कळलं नाही.
मग हळूच म्हणाला,
"बाई समोरच बसेल हाये, भो.
वायपर नको लावजो,
लागंल तिले."

भाऊ आले. मागे, डावीकडे बसले,
जिथे ते नेहमी बसतात.
क्षणभर ऐकलं.
"इथून तर ती उजव्या दाराला टेकून गाते रे."

बरोबरच होतं. लाख रुपये त्यांचे,
कान त्यांचाच धरायला हवा होता.
पुन्हा टेप. पुन्हा आकडे.
टेपचं दुसरं टोक
बशारतने ट्वीटरपाशी धरलं,
न सांगता.
बाई उठली, मागच्या माणसासमोर जाऊन बसली.
भाऊंनी डोळे मिटले. पसंत पडलं.
पुढच्या सीटवर आता
नुसता आवाज होता, चांगला, पण विस्कटलेला.

मशीनमध्ये सहा खण असतात लक्षात ठेवायचे.
एक नंबर भाऊंचा.
दोन नंबर मी पुसला नाही.
बिलात लिहिला नाही.
किल्ली देताना बशारतला म्हटलं,
कधी एकटा असलास तर दोन दाब.
त्याने किल्ली घेतली,
ऐकलं की नाही, कळू दिलं नाही.

महिन्याने तो एकटाच आला.
फ्यूज ढिला झाला होता, चार मिनिटांचं काम.
भाऊ आठ दिवस दिल्लीला होते.
चावी फिरवली,
पट्टीवर दोनचा आकडा उजळला.
मी काही बोललो नाही.
काच लख्ख पुसलेली,
आणि दोन्ही वायपर वर उचलून
उभे केलेले, काचेपासून लांब.

मी बघतोय हे त्याने बघितलं.
"ऊन हाये ना," म्हणाला,
"रबर चिकटतं."